मॅडम, आमचा मुलगा क्रोशा विणतो

मुलगा मुलींसारखं करतो, काय करू, असे फोन मला समुपदेशनाच्या कामात नेहमी येतात. कुणाचा मुलगा रांगोळीत रमतो, कुणाचा मेंदीचे कोन घेऊन बसतो, कुणाचा आरशासमोर ओढणी घेऊन नाचतो. फोन बहुतेक वेळा आईचा असतो आणि आवाज दबलेला, कारण बाहेरच्या खोलीत मुलाचे बाबा बसलेले असतात. सगळ्यांच्या मनात प्रश्न एकच असतो पण तो कुणी सरळ विचारत नाही, "तो तसा तर नाही ना?"

त्यातलीच ही एक केस, नाव बदललंय आणि दोन-तीन घरांच्या गोष्टी एकत्र केल्यात. सोहम, सातवीत, लासलगावकडचं कुटुंब, वडील कांद्याच्या व्यापारात. तक्रार काय तर सारखी पोटदुखी. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झाली, सगळं नॉर्मल, तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. आत आल्या आल्या वडील म्हणाले, "मॅडम, पोटाचं सोडा, हा बायकांसारखा सुई घेऊन बसतो तेवढं सोडवा." मग कळलं की आजीने त्याला दोन वर्षांपूर्वी क्रोशा शिकवला होता. घरात नात नाही म्हणून नातवाला शिकवला इतकं साधं, पण आता सगळं खापर आजीच्या डोक्यावर. वडिलांनी लोकर बंबात घातली, सुया जप्त केल्या आणि पोराला क्रिकेट अकॅडमीत टाकलं.

सोहम माझ्याशी पहिली वीसेक मिनिटं काही बोललाच नाही. माझ्या टेबलावर एक जुना क्रोशाचा रुमाल असतो, त्याची कड तो बोटाने चाचपत होता आणि मग म्हणाला, "इथे खांब घ्यायला पाहिजे होता, त्यांनी मुका खांब घेतलाय, म्हणून कड गोळा झालीये." खांब, मुका खांब ही क्रोशाच्या टाक्यांची नावं. मी म्हटलं दाखव, तर त्याने नखाने टाके मोजून दाखवले आणि नेमकी कुठे चूक झाली तेही सांगितलं. नंतर गाडी सुरू झाली. शाळेत कुणीतरी त्याच्या दप्तरात लोकरीचा गुंडा पाहिला होता आणि तेव्हापासून त्याला बायल्या म्हणतात, त्याहून वाईट पण म्हणतात, आणि त्यात पुढे असलेली दोन पोरं अकॅडमीत पण आहेत. पोट दुखायचं ते बरोबर प्रॅक्टिसच्या दिवशी सकाळी. आणि गंमत म्हणजे ह्याला क्रिकेट मनापासून आवडायचं, गल्लीत रोज खेळायचा, पण ते शिक्षा म्हणून गळ्यात बांधलं तसं बॅट बघितली तरी मळमळायला लागलं. एक आवड मारायला गेले आणि दुसरी पण घालवून बसले, हे मी खूप घरांत बघते.

वडिलांशी वेगळं बसून बोलले. अशा वेळी सगळे बालगंधर्वांचं उदाहरण देतात, मीपण देऊन बघते, पण बापाला ते पटत नाही. हे पण म्हणाले, "ते केवढे कलाकार, आमचं पोरगं कुठं." मग मी विचारलं, दादा, येवल्याला पैठणी घ्यायला गेलाय ना कधी, मागावर कोण बसलेलं असतं? म्हणाले बाप्येच असतात बरेचसे. ब्लाऊजवर आरी वर्क करणारे कारागीर? लग्नातला आचारी? बाजारात मेंदी काढून देणारे? ते गप्प. म्हणजे पैसे मिळाले की ते बाप्याचं काम आणि आवडीने केलं की बायकी, असं आहे का? तर हसले थोडे आणि मग खरं बोलले, "मॅडम, मला कळतंय हो, पण भावकीत उद्या नावं ठेवतील, सोयरीक जमायची नाही." बारा वर्षांच्या पोराची सोयरीक! पण भीती खरी होती, तिला हसून चालत नाही.

मग तो न विचारलेला प्रश्न मीच काढला. विणकाम, नाच, स्वयंपाक आवडतो एवढ्यावरून कुणाचं लिंग किंवा लैंगिक कल ठरत नाही. मानसोपचारात मुलांसाठी जेंडर डिस्फोरिया (जन्माचं लिंग आणि आतून वाटणारं लिंग न जुळण्याचा त्रास) म्हणून निदान आहे, पण त्याला नुसती आवड पुरत नाही, मी मुलगी आहे किंवा मला मुलगी व्हायचंय असं मूल ठामपणे म्हणत असलं पाहिजे, बाकीच्या पण बऱ्याच खुणा किमान ६ महिने दिसल्या पाहिजेत आणि त्याचा त्रास होत असला पाहिजे. सोहमच्या बाबतीत असलं काही नव्हतं. आणि समजा पुढे जाऊन मुलगा गे निघाला, तर तो काही आजार नाही, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, म्हणजे मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, २०१८ मध्येच हे सांगितलंय, आणि औषधाने किंवा उपचाराने कल बदलून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरांची ती वागणूक व्यावसायिक गैरवर्तन आहे असं डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ ला कळवलंय. हे मी मुद्दाम सांगते कारण यांनी पण एकाकडून "मर्दानी ताकदीचं" टॉनिक आणलं होतं, बारा वर्षांच्या पोरासाठी!! ते पहिलं बंद करा म्हटलं.

वडील एकदम बदलले वगैरे काही नाही. ठरलं एवढंच की अकॅडमी बंद, सुया परत, घरात विणायला हरकत नाही पण पाहुणे आले की आत ठेवायचं. ही शेवटची अट मला पटली नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं, पण आईने डोळ्यांनी खुणावलं की आत्ता एवढं पुरे. शाळेचं काम खरं जास्त महत्त्वाचं होतं. क्लासटीचरना भेटून चिडवणाऱ्यांच्या आईबापांना बोलवायला लावलं, सोहमला भर वर्गात उभं करून "याला चिडवू नका" असलं काही करू नका हेही बजावलं, कारण त्याने चिडवणं वाढतंच.

पोटदुखी हळूहळू गेली. हल्ली तो रविवारी गल्लीत बॉलिंग करतो, कुणी न सांगता. वडिलांचा फोन आला होता, "बघा मॅडम, शेवटी पोरगं लाईनवर आलं." मी म्हटलं त्याला दोन्ही करू द्या. लोकरीची ऑर्डर मात्र अजून आईच्याच फोनवरून जाते.