स्टेशनवाला एल्फिन्स्टन वेगळा, खडकीवाला वेगळा

प्रभादेवी स्टेशनला आधी ज्याचं नाव होतं त्याच एल्फिन्स्टनने पेशवाई बुडवली का, असं तुम्ही विचारलंय. नाही. ही गल्लत भल्याभल्यांची होते. माझीही बरीच वर्षं होत होती. २०१८ पर्यंत स्टेशनवर नाव होतं ते लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनचं. हा १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर, सत्तावन सालचा उठाव याच्याच कारकिर्दीतला. पेशवाई बुडवणारा पुण्याचा तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जॉनचा सख्खा काका. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजला नाव आहे ते काकाचं. (१८४२ मध्ये काबूलहून परतताना ज्याचं सैन्य कापलं गेलं तो जनरल आणखी तिसरा, त्याच घराण्यातला.)

काका १७९६ साली कलकत्त्याला उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीबरोबर, मग नागपूरला रेसिडेंट (दरबारातला कंपनीचा वकील), मग अफगाणांचा राजा शाह शुजाच्या भेटीला पेशावर, असं फिरत १८११ मध्ये पुण्यात संगमावरच्या रेसिडेन्सीत आला. १८१५ मध्ये पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला आणि त्याला बाजीरावाची मानगूट सापडली. खुनाचा आळ होता त्या बाजीरावाच्या कारभाऱ्याला, त्र्यंबकजी डेंगळ्यांना, त्याने मागून घेतलं, ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं. ते तिथून निसटले, तर तेच निमित्त करून १८१७ च्या जूनमध्ये पेशव्याच्या गळ्यात पुण्याचा तह बांधला. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. मराठ्यांनी संगमाचा बंगला जाळला, त्यात त्याची पुस्तकं आणि कागदपत्रंही गेली.

मला विचाराल तर खरा एल्फिन्स्टन दिसतो तो यानंतर. १८१८ च्या फेब्रुवारीत त्याने जाहीरनामा काढला: वतनं, इनामं, देवस्थानं चालू राहतील, धर्मात ढवळाढवळ होणार नाही. छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याचं राज्य दिलं. पाटील ठेवले, दिवाणी तंटे पंचायतीकडे ठेवले. हा कनवाळूपणा मुळीच नव्हे. पुण्याचा ब्राह्मण आणि जहागीरदार बिथरले तर नव्याने जिंकलेला मुलूख हातात राहायचा नाही, हा त्याचा रोकडा हिशेब होता. त्याच माणसाने पुण्यात कट उघडकीला आल्यावर म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिलं.

१८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. पेशवे ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, तिच्या पैशातून १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढचं डेक्कन कॉलेज ते हेच. कायद्यांची संहिता १८२७ ची. तो जायला निघाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावे शिक्षणासाठी दोन लाखांवर वर्गणी जमवली. कॉलेजच्या नावाचं मूळ त्या वर्गणीत आहे, सरकारी फर्मानात नाही.

पुढे गव्हर्नर जनरलपद चालून आलं, तेही त्याने नाकारलं आणि इंग्लंडात बसून हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. नोव्हेंबर १८५९ मध्ये तो वारला, तेव्हा मुंबईत गव्हर्नरच्या खुर्चीवर पुतण्याच बसलेला होता.