कर लावायचा अधिकार केंद्राकडे आला कुठून?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मी कुठे सही करून संमती दिली नाही, तर पगारातून प्राप्तिकर कापायचा अधिकार केंद्राला दिला कोणी? आणि 'घटनेत प्राप्तिकर कुठेच नाही, म्हणून तो बेकायदा' हा व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा खरा का?

दावा खोटा आहे. राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडा. संघ सूचीतली (केंद्राच्या विषयांच्या यादीतली) ८२वी नोंद शेतीखेरीज इतर उत्पन्नावरच्या कराची आहे आणि ८३वी सीमाशुल्काची. शेतीचं उत्पन्न राज्य सूचीत (राज्यांच्या विषयांच्या यादीत), ४६व्या नोंदीत आहे. त्यामुळे 'केंद्राने शेतीवर प्राप्तिकर लावावा' म्हणणाऱ्यांनी आधी घटनादुरुस्तीचं बोलावं. नुसती सवलत काढून भागणार नाही.

पण नोंद असली म्हणून कर लागत नाही. त्या विषयावर कायदा करायची मुभा अनुच्छेद २४६ने संसदेला दिली आहे, अर्थ मंत्रालयाला नव्हे. अनुच्छेद २६५ एका वाक्याचा आहे: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. म्हणजे कर बसवायलाही कायदा लागतो आणि वसुलीलाही. नुसत्या परिपत्रकाने नवा कर लागू शकत नाही.

बजेटच्या रात्री बारापासून सीमाशुल्क वाढतं, तेसुद्धा कायद्यानेच. त्यासाठी १९३१पासून तात्पुरत्या वसुलीचा कायदा होता, २०२३मध्ये त्याची जागा नव्याने घेतली. बजेटसोबत मांडलेलं विधेयक मुदतीत मंजूर झालं नाही, तर वाढीव रक्कम परत करावी लागते.

प्राप्तिकराची रचना मला सगळ्यात बोलकी वाटते. प्राप्तिकर कायद्याचं कलम ४ (१९६१च्या कायद्यात, आणि १ एप्रिल २०२६पासून त्याची जागा घेणाऱ्या २०२५च्या कायद्यातही) सांगतं की संसद ज्या वर्षासाठी कर आकारायचं ठरवेल, त्या वर्षी तिने ठरवलेल्या दराने तो आकारला जाईल. म्हणून दरवर्षी वित्त विधेयक येतं. ते धनविधेयक असल्याने लोकसभेतच मांडावं लागतं. राज्यसभा शिफारशी करू शकते, पण १४ दिवसांत ते परत पाठवावं लागतं. तुम्ही विचारलेली संमती ती हीच. ती तुमच्या खासदारामार्फत दिली जाते आणि दरवर्षी नव्याने मागितली जाते.

आता तुमचीच पगाराची स्लिप बघा. टीडीएस म्हणजे कापलेल्या प्राप्तिकराशेजारी 'पी. टी.' म्हणून २०० रुपये दिसतील, फेब्रुवारीत ३००. तो व्यवसाय कर राज्याचा, १९७५च्या महाराष्ट्राच्या कायद्याखालचा. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून २,५०० होतात, कारण अनुच्छेद २७६ने वर्षाची कमाल मर्यादाच तेवढी ठेवली आहे. पूर्वी ती २५० होती. वाढवायला १९८८मध्ये साठावी घटनादुरुस्ती करावी लागली. एका स्लिपवरच्या या दोन कपातींची मुळं वेगळ्या सूच्यांत आहेत.

केंद्र आणि राज्य यांच्या या वाटणीला जीएसटी (वस्तू व सेवा कर) हा अपवाद. तिथे अनुच्छेद २४६अ ने केंद्र आणि राज्य दोघांनाही अधिकार दिला. तो २०१६च्या १०१व्या दुरुस्तीने आला.

आणि कायदा केला की सगळं माफ असंही नाही. त्रावणकोर-कोचीनच्या (आजच्या केरळातल्या) जमीन कर कायद्याने जमीन पिकाऊ की पडीक, काहीही न पाहता एकरी सरसकट २ रुपये लावले होते. १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो समानतेच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द केला.

कराची नोटीस आली तर आधी ती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे ते बघा. बेकायदा वसूल झालेला कर परत मागता येतो. मात्र दुकानदाराने किंवा कारखानदाराने तो आधीच गिऱ्हाइकाकडून वसूल केला असेल, तर त्याला परतावा मिळत नाही. १९९६च्या मफतलाल खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाच्या बहुमताने हेच सांगितलं.