क्वेरी आत्ताच पाठव, विमानाची वाट बघू नकोस

तुझा प्रश्न दोनदा वाचला. नवऱ्याला अमेरिकेत नोकरी लागली आहे, सहा महिन्यांत निघायचंय, इंग्रजीतली कादंबरी लिहून पूर्ण आहे. आणि तुला वाटतंय, एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने पुस्तक प्रकाशकाला विकणारा माणूस, शोधायचं काम तिकडे पोचल्यावरच सुरू करावं, म्हणजे पत्त्यात अमेरिका दिसेल आणि लोक जरा मनावर घेतील. तू मला ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. मी अगदी हेच केलं होतं. कादंबरी बॅगेत घेऊन आले आणि इथे पाय ठेवेपर्यंत एकही क्वेरी, म्हणजे एजंटला पुस्तकाची ओळख करून देणारं पत्र, पाठवली नाही. त्याला आता अकरा वर्षं झाली, पण तुझं वाचल्यावर कालची रात्र झोप लागली नाही.

व्हिसा, बँक, घरभाडं यांबद्दल काही सांगत नाही. ते सगळं सरकारी साइटवर आहे आणि माझ्यापेक्षा अचूक आहे. एवढं मात्र कर. अवलंबितांच्या व्हिसावर लेखनाचे पैसे घेता येतात का, हे करारावर सही करायच्या आधी वकिलाला विचारून घे. लिहायला आणि पत्र पाठवायला कोणी अडवत नाही, प्रश्न पैशांचा असतो.

आता मूळ मुद्दा. एजंट न्यूयॉर्कमध्ये बसतात, लंडनमध्ये बसतात, पण क्वेरी ईमेलने जाते, नाहीतर क्वेरीमॅनेजर या वेबसाइटवरच्या फॉर्ममधून. तू कुठून लिहितेस याने काही फरक पडत नाही. उलट इकडे आल्यावर पहिलं वर्ष कसं जातं हे मला माहीत आहे, त्यामुळे म्हणते की सहा महिने हातात आहेत ते वापर.

मराठीत आपण हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे देतो, मधे कोणी नसतं. इथल्या मोठ्या प्रकाशनसंस्था एजंटशिवाय आलेलं बहुधा वाचतच नाहीत, म्हणून हे एक पानी पत्र इतकं महत्त्वाचं होऊन बसतं. अडीचशे ते साडेतीनशे शब्द. त्यातले निम्म्याहून जास्त शब्द गोष्टीवर: माणूस कोण, त्याला काय हवंय, आड काय येतंय, आणि निवड चुकली तर काय जाईल. शेवट सांगायचा नाही. शेवट सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे पूर्ण कथानकाच्या सारांशात सांगायचा, तिथे लपवायचा नाही. या दोन्हींची मी पहिल्यांदा अदलाबदल केली होती. मग एका वाक्यात नाव, प्रकार आणि शब्दसंख्या, शिवाय गेल्या तीन-पाच वर्षांतली दोन पुस्तकं ज्यांच्या शेजारी तुझं पुस्तक मांडता येईल. फार गाजलेली नको, अभिजात तर नकोतच. शेवटी स्वतःबद्दल दोन ओळी.

अमेरिकन एजंट बहुतेक वेळा पहिली पाच-दहा पानं मेलच्या मजकुरातच पेस्ट करायला सांगतात. न मागितलेली फाइल जोडली तर ती उघडतही नाहीत. ब्रिटनमध्ये साधारणपणे पहिली तीन प्रकरणं, एक पानी सिनॉप्सिस आणि पत्र. पण प्रत्येकाची साइट उघडून वाच, कारण दोन एजन्सींचे नियम सहसा जुळत नाहीत.

शब्दसंख्येचा धडा मला महागात पडला. पहिल्या कादंबरीला साधारण ऐंशी हजार ते एक लाख शब्द चालतात. माझी एक लाख बासष्ट हजारांची होती. तो आकडा पत्रात लिहून मी बारा जणांना पाठवला आणि त्या बारा जणांची दारं बंद करून घेतली, कारण नाकारलेली कादंबरी त्याच एजंटकडे पुन्हा पाठवायची पद्धत नाही. म्हणून आठ-दहाच्या तुकडीत पाठव. कोणीच पुढची पानं मागितली नाहीत तर पत्रात दोष आहे असं समजून थांब आणि पत्र दुरुस्त कर.

पण माझ्या पहिल्या पत्राचा खरा दोष शब्दसंख्या नव्हता. ते सांगण्यासाठी जरा आडवळणाने जावं लागेल.

मुलगी पाच वर्षांची होती. शाळेत नाव घालताना एक फॉर्म आला: मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला शिकलं, घरात कोणती भाषा बोलतात, मूल घरी कोणती बोलतं. मी तिन्ही रकान्यांत मराठी लिहिलं. खरंच होतं ते, आणि लिहिताना बरंही वाटलं. त्या उत्तरामुळे तिची इंग्रजीची चाचणी झाली. अनोळखी खोली, अनोळखी बाई. पोरगी तोंडच उघडेना. झालं, शिक्का बसला. घरी इंग्रजी गोष्टींची पुस्तकं स्वतः वाचणाऱ्या मुलीला रोज पाऊण तास वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेऊ लागले, तिथे सफरचंदाचं चित्र दाखवून त्याला काय म्हणतात ते विचारायचे. मी भेटून सांगितलं, लेखी दिलं. उत्तर एकच: पुढच्या वर्षीच्या चाचणीपर्यंत काही बदलता येत नाही. एका संध्याकाळी बुटांची नाडी सोडता सोडता, वर न बघता तिने विचारलं, "आई, मला इंग्लिश येत नाही का?" आता ती सोळा वर्षांची आहे, इंग्रजीत माझ्यापेक्षा सरस लिहिते, तिला यातलं काही आठवतही नाही. मला ती नाडी आठवते.

त्याच महिन्यात मी पहिली क्वेरी लिहिली आणि तिची सुरुवात अशी होती: मी नुकतीच भारतातून आले आहे, इंग्रजी ही माझी तिसरी भाषा आहे, काही चुका राहिल्या असल्यास समजून घ्यावं. गोष्ट चौथ्या ओळीला सुरू होत होती. दिवसभर फॉर्म भरून मी आपण कोण, कुठल्या, कोणाच्या आधाराने इथे आलो हे सांगत होते. तुम्हाला सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) मिळू शकत नाही, असं लिहिलेला कागद आणायला एका ऑफिसात तीनदा जाऊन आले होते. तीच सवय पत्रात उतरली. मला कोणीही न विचारता मी खुलासा देऊन मोकळी झाले.

दोन वर्षांनी, साठ हजार शब्द काढून टाकल्यावर, पत्र असं सुरू केलं: नवऱ्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर नोकरीला लागलेल्या सुमनला त्याच्याच टेबलाच्या खणात वारसनोंदीचा एक अर्ज सापडतो, आणि त्यावर दुसऱ्या बाईचं नाव आहे. अर्ज फायलीला लावला तर पेन्शनला वाटेकरी येणार. फाडला तर ज्या खोटेपणासाठी ती मेलेल्या माणसावर चिडली आहे, तोच तिच्या हातून होणार. बास. अनुकंपा म्हणजे काय याचा खुलासा अर्ध्या वाक्याचा, भारत हा शब्द एकदाही नाही. त्या पत्रावर पस्तीस जणांपैकी दोघांनी पूर्ण कादंबरी मागितली.

म्हणून तू पाठवलेल्या क्वेरीच्या मसुद्यातला तो परिच्छेद, 'एक भारतीय स्त्री म्हणून' असं सुरू होणारा, काढून टाक. स्वतःबद्दलच्या दोन ओळींत जे पुस्तकाच्या कामाचं आहे तेवढंच ठेव. तू दहा वर्षं कोर्टात दुभाषी होतीस आणि कादंबरी एका दुभाषीबद्दल आहे, हे सोनं आहे, ते लिही. भाषेबद्दल काही लिहू नकोस. पहिलं पान वाचल्यावर तुझी भाषा त्यांना कळतेच.

पैशांचं सांगते. एजंट आधी एक पैसाही घेत नाही. वाचनाची फी नाही, संपादनाची नाही. पुस्तक विकलं गेलं तर स्थानिक व्यवहारावर पंधरा टक्के, परदेशी हक्कांवर साधारण वीस. कोणी आपणहून मेल करून तुझ्या पुस्तकाची स्तुती करत असेल तर आधी पत्ता नीट बघ. खऱ्या एजंटांची नावं लावून फसवणारे बरेच आहेत. आणि पैसे आलेच तर अमेरिकन कराचा फॉर्म कोणता ते तू कुठे राहतेस यावर ठरतं. भारतात असताना डब्ल्यू-८ बेन, इथली करनिवासी झालीस की डब्ल्यू-९. पहिला भरून करसवलत मागितली नाहीस तर रॉयल्टीतून तीस टक्के कापतात, भारताबरोबरच्या करारामुळे ते पंधरावर येतं. हे मी सगळं आधीच वाचून ठेवलं होतं. फॉर्म भरायची वेळ आली नाही.

एकटेपणाचंही विचारलंस. असतो. थंडीत जास्त असतो. लोक भेटतात, सवय होते.

हे लिहून मी पुढे जाणार होते, पण ते पुरेसं खरं नाही. ती पहिली बारा पत्रं मी कादंबरी तयार होती म्हणून पाठवली नव्हती. या देशात मला नावानिशी लिहिणारं कोणीतरी असावं म्हणून पाठवली होती. नवरा कामावर, मुलगी शाळेत, आणि मी दर दहा मिनिटांनी इनबॉक्स उघडत असे. छापील नकार आला तरी त्यात 'प्रिय' नंतर माझं नाव असायचं, आणि ते वाचून मला बरं वाटायचं. क्वेरीवर उत्तर यायला आठ-बारा आठवडे लागतात, पुष्कळ जण उत्तर देतच नाहीत आणि त्याचा अर्थ नकार असाच असतो. ज्याला बोलायला माणूस हवंय त्याने या उत्तरांवर दिवस काढू नयेत. तू इथे आलीस की आधी माणसं शोध. पत्रं तोवर गेलेली असू देत.

ज्या दोघांनी कादंबरी मागितली त्यांतल्या एकाने चार महिन्यांनी कळवलं की आवाजाशी सूर जुळला नाही. दुसरीने काहीच कळवलं नाही. मी दोनदा आठवण केली, मग थांबले. घरी दोन वर्षं विचारत होते, तेव्हा 'एजंट बघतेय' म्हणत राहिले, नंतर त्यांनीही विचारणं सोडलं. काल रात्री ती जुनी एक्सेल शीट उघडली. सत्तेचाळीस ओळी, शेवटच्या रकान्यात नकार, नकार, उत्तर नाही. एक्केचाळिसाव्या ओळीत, तिच्या नावासमोर, तो रकाना मी रिकामाच ठेवला होता. कालही त्यात काही लिहिलं नाही.

तुझं पत्र नव्याने लिहून मला पाठव, पहिल्या पाच पानांसकट. फाइल जोडू नकोस, मेलमध्येच पेस्ट कर. आठवड्यात उत्तर देते.