पवई तलावात बोटिंग आणि मासेमारी करता येते का?

बोटिंगसाठी पवईला जाऊ नका. गळ टाकायचा असेल तर मात्र सोय आहे.

तलाव 1891 च्या सुमारास मुंबईला पाणी पुरवण्यासाठी बांधला, पण पाणी पिण्यालायक राहिलं नाही. आज तिथे मगरी आहेत, आणि त्या खरोखर आहेत. हिवाळ्यात सकाळच्या उन्हाला काठावर पडलेल्या दिसतात. म्हणून पोहणं, पाय सोडून बसणं किंवा ओळखीच्याची होडी घेऊन आत जाणं, हे काहीही करू नका. मुलं बरोबर असतील तर काठापासून चार पावलं मागेच राहा. दुरून पाहा, फोटो काढा, पण खायला काही टाकू नका; माणूस म्हणजे खाणं हे मगरीच्या डोक्यात बसलं की धोका आपल्यालाच.

मासेमारीची व्यवस्था महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनकडे अनेक वर्षांपासून आहे. रोहू, कटला, मृगळ असे मासे मिळतात. आधी त्यांच्याकडे परवानगीची आणि शुल्काची चौकशी करा, परस्पर गळ टाकून बसू नका. तुटलेली नायलॉनची दोरी न चुकता घरी न्या. पाणपक्ष्यांच्या पायांत ती अडकते तेव्हा बघवत नाही. पकडलेला मासा मी तरी खाणार नाही. या तलावात वर्षानुवर्षं सांडपाणी आलंय, जलपर्णी माजते ती त्यामुळेच.

मुलांना होडीतच बसवायचं असेल तर ठाण्याची तलावपाळी गाठा, स्टेशनपासून चालत जाता येतं. लाइफ जॅकेट मागून घ्या.