'दीन', 'लीन' की 'नम्र'?

प्रश्न असा आला आहे: एका ख्रिस्ती न्यायाधीशांवरच्या गौरवलेखात 'एवढ्या मोठ्या पदावर असूनही ते दीन होते' असे वाक्य होते. लेख तपासणाऱ्यांनी 'दीन' खोडून 'नम्र' केले. लेखकाचे म्हणणे, आमच्या बायबलमध्ये 'दीन' हाच शब्द आहे. मग योग्य काय?

खोडणाऱ्यांची शंका रास्त आहे, पण त्यांनी सुचवलेला शब्द मला तोकडा वाटतो. आणि त्या वाक्यात खरे खटकायला हवे ते 'असूनही'.

आधी 'दीन' पाहू. रोजच्या मराठीत दीनदुबळा, दीनवाणा, दीनदयाळ अशा जोडीनेच हा शब्द भेटतो, म्हणजे ज्याची कणव यावी असा माणूस. ख्रिस्ती मराठीत तो वेगळ्या अंगाने रुळला. मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या बायबलमधल्या एका पुस्तकात, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचा आरंभच 'आत्म्याने दीन' असणाऱ्यांना धन्य म्हणून होतो (5:3). लूकच्या शुभवर्तमानात हेच वचन आहे, पण 'आत्म्याने' हा शब्द तिथे नाही (6:20). तिथले दीन म्हणजे सरळ गरीब. मूळ ग्रीक शब्द 'प्तोखोस'. जेमतेम भागवणारा गरीब असा त्याचा अर्थ नाही. दुसऱ्यापुढे हात पसरल्याशिवाय ज्याचे चालत नाही, तो प्तोखोस. 'आत्म्याने दीन' म्हणजे देवापुढे पुढे करायला आपल्याजवळ काहीच नाही हे ओळखून असलेला. असा माणूस झोपडीत असेल, न्यायासनावर असेल, सिंहासनावरही असेल. मात्र 'आत्म्याने' गाळले की हा अर्थ उरत नाही आणि वाचकाला न्यायाधीशांची कीव येऊ लागते. गौरवलेखात नेमके हेच झाले.

'नम्र' मात्र वागण्याचा शब्द आहे. 'नम्' म्हणजे वाकणे. नम्रपणे नकार देता येतो, अर्जाखाली 'आपला नम्र' लिहिता येते. मनात काय चालले आहे याची हमी तो देत नाही. 'लीन' आतला शब्द आहे. तल्लीन, विलीन हे त्याचेच सोयरे. त्यात मीपण विरघळणे आहे. येशू स्वतःविषयी बोलतो तिथे मराठी बायबलने 'मनाचा सौम्य व लीन' असे म्हटले आहे (मत्तय 11:29). गंमत पाहा, तिथला ग्रीक शब्द आहे 'तापेइनोस', म्हणजे खालचा, सखल. तोच शब्द येशूची आई मरीया हिच्या गीतात येतो: देवाने सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढले आणि खालच्यांना उंच केले (लूक 1:52). तिथे मराठीत 'दीन' आहे. परिस्थितीने खाली असलेला तो दीन आणि मनाने खाली असलेला तो लीन, ही वाटणी मराठी अनुवादाने फार सुरेख केली आहे. ग्रीकांच्या बोलण्यात 'तापेइनोस' बहुधा हिणवण्याचा शब्द होता. ख्रिस्ती लेखनात तो गुण ठरला.

आता 'असूनही'. 'मोठे असूनही नम्र' म्हणताना आपण गृहीत धरतो की मोठ्या माणसाला ताठ्याचा हक्कच होता, आणि त्याने तो मोठ्या मनाने सोडला. म्हणजे नम्रता हे वरून खाली दिलेले दान झाले. ख्रिस्ती श्रद्धेत हे बसत नाही. मत्तयाच्या 8व्या अध्यायातला रोमी शताधिपती पाहा. त्याचा चाकर आजारी आहे. शंभर शिपायांवरचा अंमलदार आणि ज्यांच्यावर त्याचे राज्य होते त्यांच्यातल्याच एकाला, येशूला, तो सांगतो की, तुम्ही माझ्या छपराखाली यावे एवढी माझी योग्यता नाही. पुढच्याच श्वासात तो आपला अधिकारही सांगतो: मी एकाला 'जा' म्हटले की तो जातो, दुसऱ्याला 'ये' म्हटले की तो येतो. पद तो लपवत नाही, नाकारतही नाही. उलट हुकूम म्हणजे काय हे पदामुळेच कळते, म्हणून येशूच्या एका शब्दाने आपला चाकर बरा होईल असे तो म्हणतो. अधिकार आणि लीनता एकाच वाक्यात, मध्ये 'पण' नाही.

हॅब्सबर्ग घराण्याचा अंत्यविधीही इथे आठवतो. 2011 मध्ये ऑस्ट्रियाच्या शेवटच्या सम्राटाचे थोरले चिरंजीव ओटो यांची शवपेटी व्हिएन्नात कापुचिन साधूंच्या दफनघराशी आणली, तेव्हा बंद दारावर थाप पडली. आतून विचारणा झाली: कोण आहे? राजघराण्याच्या पदव्या वाचल्या गेल्या. 'आम्ही त्याला ओळखत नाही.' दुसऱ्या थापेला पदे आणि मानसन्मान सांगितले. तेच उत्तर. तिसऱ्यांदा सांगितले गेले, 'ओटो, एक मर्त्य, पापी माणूस.' तेव्हा दार उघडले. 'आत्म्याने दीन'चा याहून नेमका अर्थ मला कोशात सापडणार नाही.

गौरवलेखासाठी माझी सूचना: 'ते न्यायाधीश होते आणि मनाने लीन होते.' त्यांच्या श्रद्धेविषयीच सांगायचे असेल, तर 'आत्म्याने दीन' हा प्रयोग पूर्ण वापरावा. 'नम्र' ठेवायचाच असेल, तर तो त्यांच्या वागण्या-बोलण्याच्या वर्णनात ठेवावा. तिथे तो चपखल बसेल.