शेजाऱ्यांचे वीजबिल कमी का येते?

प्रश्न : आम्ही गोरेगावात राहतो. आमचे वीजबिल एका कंपनीचे येते आणि त्याच मजल्यावरील शेजाऱ्यांचे दुसऱ्या कंपनीचे. त्यांचा युनिटचा दर कमी असल्याचे ते सांगतात. आम्हीही कंपनी बदलावी का?

उत्तर : मुंबईच्या उपनगरांत अदाणी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर या दोन्ही कंपन्या घरगुती ग्राहकांना वीज देतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली टाटा पॉवरचा किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा हक्क मान्य केला आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने तारा एका कंपनीच्या, वीज मात्र दुसऱ्या कंपनीची, अशी सोय करून दिली. त्यामुळे कंपनी बदलता येते; पण केवळ युनिटचा दर पाहून निर्णय घेऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

आपले बिल हातात घ्या. स्थिर आकार वीज वापरली नाही तरी द्यावाच लागतो. वीज आकार टप्प्यांनी लागतो. म्हणजे ३८० युनिट वापरले, तर पहिले १०० पहिल्या दराने, पुढचे २०० दुसऱ्या दराने आणि उरलेले ८० तिसऱ्या, चढ्या दराने. त्यामुळे ९० युनिट वापरणाऱ्या शेजाऱ्यांना जी कंपनी स्वस्त पडते, ती आपल्याला पडेलच असे नाही. वहन आकार हे तारांचे भाडे असून, आपण जुन्याच तारांवर राहून पुरवठादार बदलला, तर ते तारांच्या मालक कंपनीच्याच दराने द्यावे लागते. दोन दरपत्रकांची तुलना करताना नेमका हाच आकडा नजरेतून सुटतो. शिवाय इंधनाच्या खर्चातील चढउतारानुसार लागणारा इंधन समायोजन आकार आणि लागू असतील ते अधिभार असतातच, आणि या आकारांवर १६ टक्के वीज शुल्क लागते.

मागील बारा महिन्यांची बिले काढून, प्रत्येक महिन्याच्या युनिटांवर दोन्ही कंपन्यांच्या चालू दरांनी पूर्ण बिल मांडून पाहा. एकट्या मे महिन्याचे बिल धरू नका, कारण त्यात पंखा आणि एसी यांचाच भार अधिक असतो. वर्षाची बेरीज स्पष्टपणे कमी येत असेल, तर अवश्य बदला. त्याआधी जुनी थकबाकी मात्र चुकती करावी लागेल. तारा त्याच राहिल्या, तर त्यांत बिघाड झाल्यास दुरुस्ती पूर्वीचीच कंपनी करील.