कार्बन बाणाच्या प्लास्टिक व्हेन (बाणाच्या शेपटाकडची पिसं) सारख्या निघून येतात. कोणता गोंद वापरावा?

सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा गोंद वापरा. पण व्हेन सुटतात त्या बहुतेक वेळा गोंदामुळे नव्हे, शाफ्टवरच्या, म्हणजे बाणाच्या दांड्यावरच्या, तेलकटपणामुळे. क्लबातले बाण मीच दुरुस्त करतो, त्यावरून सांगतो. जुना गोंद बोथट सुरीने खरवडा, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग पाण्याचा थेंब टाकून बघा: सलग पसरला तर शाफ्ट स्वच्छ, गोळा होऊन घरंगळला तर परत पुसा. पूर्ण वाळला की त्या जागी बोट न लावता जिगमध्ये (व्हेन चिकटवताना बाण धरून ठेवणाऱ्या साच्यात) बसवा. व्हेनच्या तळाला गोंदाची बारीक रेघ पुरे. जाड थर उशिरा धरतो. लाकडी, लॅकर मारलेल्या बाणाला मात्र अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन लावू नका, लॅकर उतरू शकतं.